लेकीच्या गावात लॉज

समुद्र घाण असतो, हे मी लग्नाच्या पहिल्याच वर्षी ठरवून टाकलं होतं. पाहिला नव्हता. अकोल्याहून तो कोणत्या बाजूला आहे हेसुद्धा ठाऊक नव्हतं, पण मत तयार होतं. नवऱ्याच्या मित्रांनी जोडीजोडीनं कोकणात जायचा बेत केला. हे उड्या मारतच घरी आले, आणि मी नाकाला पदर लावून विचारलं, "तिथं सारे लोक एकाच पाण्यात आंघोळ करतात ना? अन् त्याच पाण्यात मासे मरतात? थू! तुमीच जा."

गेले ते एकटेच. परत आल्यावर त्यांचा शर्ट मी दोनदा उकळला, माशाचा वास मारतो म्हणून. वास घामाचा होता, आणि घाम तर त्यांना अकोल्यातही येत होता.

तेव्हाची मी, ती पोरगी, आज समोर आली तर मी तिला एक ठेवून देईन. चांदूर बाजारकडच्या भाजीपाला पिकवणाऱ्या घरातली. सडलेल्या कोबीच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून चांगला गड्डा शोधणारी. शेणखताची टोपली डोक्यावर, त्यातलं पाणी मानेवरून ओघळतंय, तरी हिची बडबड सुरूच. आणि हीच महाराणी लग्नाच्या पंगतीला स्वतःचा पेला पदराखाली लपवून न्यायची! दुसऱ्याच्या घरी चहा आला की कप डाव्या हातानं धरायची. कारण साऱ्या जगाचे ओठ उजव्या हाताच्या बाजूनं लागलेले असतात, पलीकडची कड त्यातल्या त्यात कोरी. हे तिचं संशोधन. सासूबाई चारचौघांत तिला "नाकवाली" म्हणायच्या, आणि ती मूर्ख बाई ते कौतुक समजायची.

खोटं कशाला सांगू, ती अजून मेलेली नाही. कप मी अजूनही डाव्याच हातानं धरते.

आता हे नाहीत. जुन्या शहरातला आमचा भाजीचा गाळा मुलगा आणि सून बघतात. घरातल्या प्रत्येकाचा समुद्र पाहून झाला. फार काय, अमरावतीला दिलेल्या माझ्या लेकीची सासू, माझी विहीण, तीही भिशीच्या बायकांसोबत जाऊन आली. दर दिवाळीला ती मला मोबाइलमधला तिचा समुद्र दाखवते. साडी गुडघ्यापर्यंत धरून ती पाण्यात उभी, आणि मागे कोणीतरी परका पुरुष उघडाबंब, पोट खाजवतोय. "पाहा इहीनबाई, केवढा समुद्र!" मला दर वेळी त्याचं पोटच दिसतं. गेल्या दिवाळीला मात्र मला स्वतःचाच राग आला. जन्मभर ज्याला नावं ठेवली तो मी पाहिला तर दुसऱ्याच्या पोटाआडून. मी घरी येऊन सांगितलं, "मी कोकणात जाते. एकटी."

एकटीच का, म्हणून सुनेनं विचारलं. भजनी मंडळासोबत मी एकदा देवदर्शनाच्या बसनं गेले होते. पुढच्या खिडकीतून एक बाई ओकली, ते वाऱ्यानं मागच्या खिडकीतून माझ्या मांडीवर आलं. एका खोलीत इतक्या बायका निजवल्या की कुशीवर वळायचं तर सगळ्यांनी मिळून वळावं. सकाळी एकीनं माझ्या तोंड पुसायच्या पंच्याला पाय पुसले, आणि वर म्हणाली, "आपल्यात काय परकं!" ती सोबत मला नको. मुलासोबत जावं तर तो गाडीत बसल्यापासून दुकानाचे फोन घेतो आणि मधल्या वेळात नाक कोरतो. मीच जन्म दिलाय, मी काय बोलणार?

नात कॉलेजात जाते. तिनं मोबाइलवर बेत आखायला घेतला. अकोल्याहून थेट कोकणात उतरवणारी गाडी तिनं शोधली. खालचा बर्थ, संडासापासून लांब, ही माझी अट. स्टेशनवरून समुद्राकाठच्या गावाला रिक्षा. पावसाळ्यात नाही, मे महिन्यात नाही, संक्रांतीच्या आधी. इथपर्यंत सगळं झकास. मग राहायची खोली आली.

खोल्यांखाली लोकांनी लिहिलेलं असतं. नातीनं वाचायला सुरुवात केली. "उशीवर केस होता."

"पुढची."

"नाश्ता छान, पण बाथरूममध्ये कुबट वास."

"पुढची."

"मालक प्रेमळ. सकाळी ताजे मासे अंगणातच साफ करतात."

मी उठून चूळ भरून आले. ज्या खोलीखाली काहीच वाईट लिहिलेलं नव्हतं, तिच्यावर माझा अजिबात विश्वास बसला नाही. म्हटलं, तिथं राहिलेला माणूस लिहायला जिवंत राहिला नसेल.

सून दाण्याचा कूट करत होती. ती म्हणाली, "आई, तुमाले समुद्र नाई पायजे. फिनाइलची टाकी पायजे. तिच्यात बसून येजा."

मुलगा जेवताजेवता हसला, आणि हसता हसताच त्यानं अट घातली. "आई, तू आपल्या घराबाहेर एकटी एक रात तरी राहिली काय कधी? पयले राहून दाखव. कोणत्याबी लॉजवर. एक रात राहिली त मी लगेच तिकीट काढतो. नाई राहिली त समुद्राचं नाव घ्याचं नाई."

"काढशीन ना?"

"तुही आन, शप्पत."

मला राग आला तो त्याच्या खात्रीचा. त्याला पक्कं ठाऊक होतं की मी दाराची कडी पाहूनच परत येईन.

आता लॉज कोणत्या गावात? अकोल्यात राहावं तर सगळा बाजार ओळखतो. तेल्हाऱ्याला भावजयीचं माहेर, तिथं बसमधून उतरायच्या आत लोक हाताला धरून नेतील. अमरावती मोठी, मला पायाखालची, बसनं जाऊन यायला सोपी. लेक तिथं आहे, पण तिला कळायचं कारण काय? एवढ्या मोठ्या गावात मला कोण पाहणार? ही अक्कल त्या जुन्या पोरीची नाही बरं का, या आत्ताच्या म्हातारीची. आमच्या वऱ्हाडात लेकीच्या गावी जाऊन लॉजवर उतरणं म्हणजे भर बाजारात जावयाची पगडी उतरवणं. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. माझं सगळं डोकं चादरीत आणि बादलीत अडकलं होतं, त्यामुळे माणसांचा विचार करायचाच राहून गेला.

स्टँडजवळच्या एका लॉजच्या मॅनेजरनं मला खालून वर पाहिलं. "संगं कोण?"

"कोणी नाही."

"दवाखान्याचं काम हाये काय?"

"नाही."

"मग मयतीले आल्या?"

"सरावाला आले. समुद्रावर जायचं आहे."

त्यानं रजिस्टर पुढे सरकवलं. मग हळूच म्हणाला, "माय, समुद्र इकडं नाई," आणि चावी दिली.

खोलीचं दार उघडलं आणि मला माझ्या मुलाची अक्कल पटली. उशीवर मधोमध तेलाचा गोल डाग. आजवर त्या खोलीत जितकी डोकी निजली, त्या सगळ्यांचं खोबरेल, मोगरेल, आवळेल तिथं एकजीव झालं होतं. भिंतीवर ढेकूण चिरडल्याच्या तांबड्या रेघा, कोणीतरी मन लावून काढाव्यात तशा. बादलीत आतून हिरवा बुळबुळीत पट्टा. मगाला कान नव्हता. मोरीच्या जाळीत केसांचा एक पुंजका होता, ओला, आणि पाणी सोडलं की तो हलायचा. मी पाणी बंद केलं.

घरून आणलेली चादर गादीवर घालायच्या आधी झटकावी म्हणून मी गॅलरीत गेले. झटकली. खालून हाक आली, "अवं माय! इहीनबाई!"

भाजीची पिशवी हातात घेऊन माझी विहीण रस्त्यात उभी. तिनं मला ओळखलं नव्हतं, चादर ओळखली होती. तिनंच आहेरात दिली होती ती.

"तुमी अठी? लाजवर?" तिचा आवाज असा की पानठेल्यावरची माणसं पानं तोंडात तशीच धरून वर बघायला लागली. "आमच्याकून काई चुकलं काय?"

"नाही हो, बादली बघायला आले होते," असं काहीतरी माझ्या तोंडून गेलं. ती पिशवी सावरत जवळजवळ पळतच गेली.

थोड्याच वेळात लेक दारात. धापा टाकत, पदर नीट नाही, डोळे लाल.

"आई, मी मेली काय?"

"काहीतरी नको बोलू."

"मग काहून अठी येऊन पडली? सासू गल्लीभर सांगून राहिली, माहेरच्यायचं मन फाटलं म्हणून. चाल घरी."

"उद्या येते ना. जेवायला येते."

"उद्या कायले? आज चाल. भाकरी टाकून ठेवली म्या."

खरं सांगते, त्या क्षणी मला उड्या मारत जायचं होतं. त्या उशीपासून, त्या पुंजक्यापासून लांब कुठेही. पण घर म्हटल्याबरोबर मला विहिणीचं स्वयंपाकघर आठवलं. ती वरण चाखते ते डावानं, भुर्र करून, आणि तोच डाव परत पातेल्यात. लेकीच्या लग्नापासून मी ते वरण हसत हसत खात आले आहे आणि "काय चव आहे हो तुमच्या हाताला" म्हणत आले आहे. तिथं किळस येऊन चालत नाही, नात्याचा प्रश्न असतो. इथं या उशीला मला निदान तोंडावर थू तर म्हणता येत होतं. आणि मी गेले की मुलाचा फोन येणार, आणि तो फोनवर हसणार.

"मी इथंच राहणार," मी म्हटलं.

लेक गादीच्या काठावर बसली आणि लगेच उठली. तिचं नाक माझंच आहे. तिनं उशीकडे पाहिलं, बाथरूममध्ये डोकावलं, "ई माय!" म्हणून मागे झाली. मग साडी खोचली, आणि माझ्या पिशवीतली फिनाइलची बाटली नि घासणी काढून आत निघाली.

मी तिचा हात धरला. "नको."

"आई, ते पाह्य तरी. किती घाण हाये!"

"पाहिलं. तू घासशील, धुशील, मग ही आपलीच खोली होईल. आपल्या घरात तर मी जन्मभर निजले. राहू दे तसंच. मला समुद्रावर जायचं आहे गं."

ती माझ्याकडे अशी पाहत राहिली, जणू मी डोक्यावर पडले. तिच्या आयुष्यात आईनं "राहू दे तसंच" म्हटलेलं तिनं पहिल्यांदाच ऐकलं असावं. "समुद्रावर जाचं त समुद्रावर जा ना," ती म्हणाली, "माह्या इज्जतीवरून काहून जाते?" बाटली तिनं आपटली आणि गेली. जाताना दार लावलं नाही. मलाच त्या चिकट कडीला हात लावावा लागला.

रात्रीचं काय सांगायचं! उशी मी कपाटात कोंडली. स्वतःला आपल्या चादरीत मढ्यासारखं गुंडाळून घेतलं, नुसतं नाक बाहेर, आणि सगळा त्रास तर त्या नाकाचाच. शेजारच्या खोलीतला माणूस असा खाकरत होता की आतडी बाहेर काढूनच झोपणार. किळस काही गेली नाही. सवय होते म्हणतात, तीही झाली नाही. पण किळसेनं माणूस मरत नाही, एवढं मला त्या गादीवर कळलं. आणि मधेच कधीतरी झोपही लागली, ती थेट उजाडेपर्यंत.

सकाळी दार वाजलं. वाटलं लेक असेल. विहीण होती. हातात डबा.

"पोरगी रडून राहिली रातभर," ती म्हणाली. डबा टेबलावर ठेवला, दार लोटून घेतलं, आणि एकदम आवाज खाली आणला. "इहीनबाई, खरं सांगा. एकट्या झोपल्या?"

"एकटीच."

"भेव नाई वाटलं?"

"भीती कसली? घाण वाटली."

ती खोलीभर फिरली. पलंग, खिडकी, गॅलरी. गॅलरीत उभं राहून तिनं रस्त्याकडे असं पाहिलं, जसं काल मी तिथून तिच्याकडे पाहिलं होतं. "म्या त अजून एकबी रात एकटी नाई काढली," ती म्हणाली. "गोव्यालेबी बारा बाया होतो. संडासाले गेली तरी दोघी भायेर उभ्या." मग पदराचं टोक चघळत, लाडात येऊन, "मले नेता काय संगं?"

समुद्रात उभी राहून फोटो काढणारी, मला दर दिवाळीला जळवणारी ही बाई! मला तिची दया आली आणि त्याच वेळी तिनं डब्याचं झाकण उघडून त्यातली भाजी बोटानं चाखली.

"नाही," मी म्हटलं. "तुमी आपला लॉज धुंडा. अकोल्यात चिक्कार आहेत. मी कोणाले सांगणार नाही."

ती दचकली, मग तोंडाला पदर लावून हसायला लागली. खाली जाताना मॅनेजरकडे खोलीचं भाडं विचारत होती, हे मी वरून ऐकलं.

दुपारी लेकीकडे जेवले. ती तोंड फुगवून वाढत होती. निघताना मात्र तिनं माझ्या पिशवीत नवा, कान असलेला मग टाकला आणि तोंड फिरवलं.

अकोल्याला पोचले तेव्हा मुलगा गाळ्यावर मेथीच्या जुड्या लावत होता. त्यानं माझ्याकडे, पिशवीकडे, चुरगळलेल्या लुगड्याकडे पाहिलं.

"राहिली काय?"

"राहिले."

"पूर्ण रात? कसं होतं?"

"घाण," मी म्हटलं. "हात धू आणि तिकीट काढ."