अक्सोरिअस म्हणजे बाईलवेडा

नवी मुंबईत द्रोणागिरीजवळच्या एका गोदामाच्या ऑफिसात मी सव्वीस वर्षं कंटेनरचे कागद तयार केले. साडेपाचला टेबल आवरून निघायचो. सीवूड्सच्या आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, आणि गुडघ्यांमुळे बायकोला एकटीला तीन जिने उतरवत नसत. मी घरी गेलो की चहा, आणि मग तिला धरून खाली एक फेरी. आमच्या साहेबांना माझं हे साडेपाचला उठणं खटकायचं. ते माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान.

रिटायर झालो तेव्हा निरोपाच्या भाषणात ते म्हणाले, “असा अक्सोरिअस माणूस ऑफिसला पुन्हा मिळायचा नाही.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कष्टाळू, प्रामाणिक असं काहीतरी असेल, असं समजून मी हात जोडले.

बायको पूर्वी शाळेत इंग्रजी शिकवायची, पण हा शब्द तिलाही अडला. तिने मुलाची जुनी जाडी डिक्शनरी काढली आणि ओळीवर बोट ठेवून वाचलं. बायकोवर वाजवीपेक्षा जास्त प्रेम करणारा, तिच्या आहारी गेलेला. लॅटिनमध्ये ‘उक्सोर’ म्हणजे पत्नी. त्यावरून आलेल्या शब्दाचा मूळ अर्थ नुसता ‘पत्नीचा’.

“अहो, म्हणजे बाईलवेडा!” ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. “चारचौघांत बाईलवेडा म्हणाले, आणि तुम्ही हात जोडलेत?”

मी चिडलो होतो. “वाजवीपेक्षा म्हणजे किती? ठरवणारे हे कोण?”

“जाऊ दे हो. मूळ अर्थ चांगला आहे. पत्नीचा. तेवढाच घ्या.” मग नवऱ्यावर जीव टाकणाऱ्या बाईला काय म्हणतात, ते ती बराच वेळ शोधत बसली. सापडलं नाही. “बघा, आमचं गृहीतच धरलंय,” म्हणाली.

पावणेदोन वर्षांनी ती गेली. मुलगा परदेशातून आला, पंधरा दिवस राहिला, परत गेला. फोन रोज करतो. पण फोन ठेवल्यावर घर आधीपेक्षा जास्त शांत वाटतं.

दुपारी मी मॉलमध्ये जाऊन बसतो. तिथे गेल्या महिन्यात साहेब भेटले. बायको गेल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं. मी सांगितलं तसे ते शेजारी बसले.

मग म्हणाले, “त्या दिवशी मी तुम्हाला टोमणा मारला होता.”

“कळलं होतं. डिक्शनरीत पाहिलं आम्ही. ती खूप हसली.”

“हसल्या?” त्यांनी मान खाली घातली. “तो शब्द मला माझ्या बायकोनं ऐकवला होता. तू एक दिवस तरी तसा वागलास का, म्हणून. ती आता मुलीकडे पुण्याला असते. येत नाही.”

इतकी वर्षं एका ऑफिसात काढून त्यांच्या घरी कोण कोण आहे, हे मी कधी विचारलं नव्हतं.

आम्ही कॉफी घेतली. नंबर पुन्हा एकदा तपासून घेतले. निघताना त्यांनी विचारलं, “संध्याकाळी काय करता?”

“खाली एक फेरी मारतो,” मी म्हणालो.

ते खोटं होतं. ती गेल्यापासून संध्याकाळी मी जिना उतरलेलो नाही.