चिंचेने घासलेला मारवा

कॉव्हेंट्रीत आमच्या गल्लीच्या टोकाला एक मराठी काका राहायचे, चित्रकार-शिल्पकार. काकू गायच्या आणि काका समोर बसून रेखाटायचे. त्यातून एकेका रागाचे लिथोग्राफ, म्हणजे दगडावर रेखाटून छापलेली चित्रं, झाले, मोजक्याच प्रतींचे. प्रती छापून झाल्या की काका मूळ दगड घासून कोरा करत. ब्राँझचं शिल्प मात्र एकच केलं: तानपुरा घेऊन संध्याकाळचा मारवा गाणाऱ्या काकू. तीन प्रती ओतल्या आणि साचा फोडला. दोन विकल्या गेल्या, पुढे काकू गेल्या, तिसरी उरली.

गेल्या वर्षी काकांनी घर विकायला काढलं. म्हाताऱ्यांसाठीच्या एका खोलीच्या फ्लॅटमध्ये जाताना त्यांना फक्त ही मूर्ती न्यायची होती. घर बघायला लोक येत, म्हणून तोवर ती माझ्याकडे ठेवली.

"काही करू नकोस. कोरड्या फडक्याने धूळ पूस, बस्स."

काही न करता बसणं जमलं असतं तर माझ्या आयुष्यातले निम्मे घोटाळे टळले असते. गणपतीआधी मी समई आणि ताम्हण चिंच-मिठाने लखलखीत केलं. हात चालू लागला होता, चिंच उरली होती आणि शेल्फवर काकू काळपट हिरव्या पडल्या होत्या. म्हटलं, इंग्लंडची दमट हवा, दुसरं काय! तासाभरात काकू समईला लाजवू लागल्या. पायथ्याचं ३/३ तर सोफ्यावरून वाचता येत होतं.

बायको ऑफिसातून आली ती दारातच थबकली.

"अरे, रंग कुठे गेला?"

"मळ होता गं."

"मळ? मारव्याला संध्याकाळचा रंग हवा म्हणून गॅसच्या टॉर्चने ब्राँझ तापवून, रसायनं लावून किती खपले होते काका! सांगत होते तेव्हा तू समोसे खात होतास."

"थांब, करतो काहीतरी."

"तू आता काहीही करू नकोस!"

ती वर गेली आणि मी काळं बूट पॉलिश काढलं.

घर विकलं गेलं, तसे काका मूर्ती न्यायला आले. सवयीने त्यांनी काकूंच्या खांद्यावर हात ठेवला. बोटं काळी झाली. त्यांनी वास घेतला.

"बूट पॉलिश?"

"हो, काका."

"आणि त्याच्या आत?"

"चिंच."

ते हसले. मीही हसलो, सुटलो म्हणून.

"परत चढवू ना रंग? टॉर्च मी धरतो, तुम्ही सांगा."

त्यांनी दोन्ही हात माझ्यापुढे धरले. ते थरथरत होते. चहाचा कपसुद्धा एका हातात राहत नसे.

"तुला सांगून काय होतं, ते बघितलं आपण," ते म्हणाले.

"मग गाडीत ठेवू?"

"नको. तिकडे जागा लहान आहे."

परवा त्या फ्लॅटवर गेलो होतो. खिडकीपाशी नवं, हातभर उंचीचं लाकडी स्टूल होतं, रिकामं. मी त्यावर टेकणार, तोच काका म्हणाले, "त्यावर नको. इकडे बस."