सगळ्या टचलाइनला माहीत होतं

मिलिंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी लोअर हटच्या स्टेशनवर वेलिंग्टनच्या गाडीची वाट बघत उभा होतो. फोन प्रज्ञाताईंचा होता, त्याच्या मोठ्या बहिणीचा, ऑकलंडमधल्या हिल्सबरोहून. उन्हाळ्याच्या सुट्टीत तो त्यांच्याकडे आराम करायला गेला होता, निदान मला तरी त्याने तसंच सांगितलं होतं. “अॅक्सिडेंट झाला का?” मी विचारलं. माझ्या डोक्यात दुसरं काही येणं शक्यच नव्हतं. ताई म्हणाल्या, “तुम्हाला माहीत नव्हतं? कॅन्सर होता त्याला. वर्ष झालं.” गाडी आली, दारं उघडली, बंद झाली, आणि निघून गेली. मी तिथेच. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला दुःख झालं नाही. मला राग आला, आणि आज इतक्या आठवड्यांनीही तो गेलेला नाही.

मिलिंद मूळचा नागपूरचा, स्ट्रक्चरल इंजिनिअर. भूकंपात इमारती उभ्या कशा राहतील ते बघणं हे त्याचं काम. लग्न केलेलं नव्हतं. घर आमच्या मुलीच्या, इराच्या कॉलेजच्या मैदानाला लागून. इथे न्यूझीलंडमध्ये कॉलेज म्हणजे हायस्कूल. शनिवारी सकाळी मुलांची फुटबॉलची मॅच असे आणि हा पठ्ठ्या स्वैपाकघराच्या खिडकीतून बघत असे. मग कुंपणापाशी आला. मग कुंपणाच्या आत. या देशात हाफटाइमला खेळाडूंना संत्र्याच्या फोडी द्यायची पद्धत आहे. एका शनिवारी पालकांपैकी कोणीच संत्री आणली नव्हती, तेव्हा मिलिंदने घरून आणून दिली, वर चाट मसाला भुरभुरून. मुलांनी आधी नाकं मुरडली, मग सालीसकट चोखली. “नागपूरच्या माणसाला संत्र्याचं कोण शिकवणार बे?” असं मला पुढे कित्येकदा ऐकवलं गेलं. मला त्यानेच ओढून नेलं तिथे. ना माझा मुलगा टीममध्ये, ना मला ऑफसाइड म्हणजे काय ते धड कळत होतं. पण कडाक्याच्या थंडीत, ओल्या गवतावर, शेजारी कोणीतरी पंचाला मराठीत मोकळेपणाने शिव्या घालतंय यात केवढं सुख आहे, ते ज्याने अनुभवलंय त्यालाच कळेल. आम्ही दोघं त्या टीमचे भक्त झालो. टीम मात्र दरवर्षी मार खायची.

आणि मग मागचं वर्ष आलं. काय खेळली ती पोरं! पहिल्याच मॅचपासून जीव तोडून धावत होती. मागे पडली तरी खांदे पाडत नव्हती. प्रत्येक गोलनंतर धावत आमच्या कोपऱ्याशी येऊन आरडाओरडा करत होती, आणि मी खुळ्यासारखा हात वर करून त्यांना उत्तर देत होतो. मला वाटे, इतकी वर्षं निष्ठेने उभे राहिलो, पोरांना त्याची जाण आहे. मिलिंद त्या वर्षी कॅम्पिंगच्या खुर्चीत बसायला लागला होता. मी विचारलं तर म्हणाला, “गुडघा दुखून राहिला.” मी त्याला गुडघ्याचे व्यायाम सांगितले. करूनही दाखवले, तिथेच, मैदानाच्या कडेच्या टचलाइनवर!

तो बारीक होत चालला होता, हे काय मला दिसत नव्हतं? दिसत होतं. पण त्या वर्षी आमच्या मराठी मंडळात दिवसातून दोनदाच जेवण्याची साथ आली होती. ज्याला त्याला पोट कमी करायचं होतं, जो तो दुसऱ्याच्या ताटावर लक्ष ठेवून होता. अशा लोकांत गालफडं बसलेला माणूस आला की काय होणार? सगळ्यांनी त्याचं अभिनंदन केलं. माझी बायको मेधा मला म्हणाली, “बघ, मिलिंदकडून शीक जरा.” हिवाळ्यातल्या स्नेहभोजनाला तर मंडळाच्या अध्यक्षबाईंनी त्याला माइकसमोरच उभं केलं. वजन कसं उतरवलं ते सांगा म्हणाल्या. मिलिंदने आमच्या सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं. मग म्हणाला, “विशेष काही नाही. भूक लागली नाही की जेवायचं नाही.” काय हशा पिकला! टाळ्या वाजवणाऱ्यांत मी सगळ्यात पुढे होतो. तेव्हा त्याच्या पोटात अन्न ठरत नव्हतं. हे मला प्रज्ञाताईंकडून कळलं, तो गेल्यावर.

फायनलला पोरं पेनल्टीवर जिंकली. शेवटची पेनल्टी आमच्या गोलकीपरने अडवली, हेमीच्या मुलाने. हेमी म्हणजे टीमचा मॅनेजर, दाराच्या चौकटीत मावणार नाही असा माओरी माणूस. तो धावत मिलिंदकडे गेला, वाकून माओरी रीतीने त्याच्या कपाळाला कपाळ आणि नाकाला नाक लावून उभा राहिला आणि हमसून रडला. मुलाच्या पराक्रमाने बापाला भरून आलं, असं मला वाटलं. मग सगळी टीम आमच्याकडे तोंड करून रांगेत उभी राहिली आणि त्यांनी हाका हा माओरी युद्धनाच केला... पाय आपटत, छाती ठोकत, डोळे विस्फारून. तो जसा विजयासाठी करतात तसा मानवंदना म्हणूनही करतात. माझ्या अंगावर काटा आला. मी मोबाइल काढला, व्हिडिओ सुरू केला. पुढ्यात मिलिंद खुर्चीच्या पाठीला धरून उठत होता. मी ओरडलो, “अरे मिलिंद, बाजूला हो ना, फ्रेममध्ये येतोयस!” आणि तो झाला बाजूला. पोरांचे चेहरे त्याच्याबरोबर वळले. व्हिडिओत ते स्पष्ट दिसतं. सगळी टीम माझ्या चौकटीबाहेरच्या कोणाकडे तरी बघत गर्जना करतेय, आणि मागून माझा आवाज येतोय, “वा वा!”

अंत्यसंस्काराला मी आणि इरा ऑकलंडला गेलो. हॉलमध्ये बुद्धवंदना चालू होती, आणि मागच्या ओळींत कॉलेजचे ब्लेझर घातलेली अर्धी टीम बसली होती. हेमी गाड्या घेऊन त्यांना थेट लोअर हटहून घेऊन आला होता. बाहेर आल्यावर त्याने मला मिठी मारली. “हार्ड इयर फॉर यू, ब्रो,” तो म्हणाला. “सगळा सीझन तू त्याच्या शेजारी उभा राहिलास.” मी म्हटलं, मला तर परवा कळलं. हेमीचा हात माझ्या खांद्यावरच थांबला. मग चाचरत त्याने सांगितलं. सीझनच्या सुरुवातीलाच मिलिंद ड्रेसिंग रूममध्ये आला होता, संत्र्यांचा डबा घेऊन. आपल्याला काय झालंय ते त्याने मुलांना सरळ सांगितलं, आणि म्हणाला, मला एकदा कप बघायचाय. बस, एवढंच. त्यानंतर पोरं हरायला तयारच नव्हती.

म्हणजे ते सगळं वर्ष, ज्याला मी माझं वर्ष समजत होतो, ते मला सोडून सगळ्यांचं होतं. टीम का जिंकतेय ते गोलकीपरला माहीत, राखीव खेळाडूंना माहीत, त्यांच्या आयांना माहीत. एकटा मी कडेला उभा राहून पंचाला शिव्या घालत होतो. इतकं मूर्ख मला आयुष्यात कोणी बनवलेलं नाही. शत्रूनेही नाही.

परतीच्या विमानात मी इराला विचारलं, तुला कधी कळलं? “लाइक... मे?” ती म्हणाली. “सगळ्या स्कूलला माहीत होतं, बाबा. ही मेड मी प्रॉमिस.” का पण, मी विचारलं. मला का नाही? तिला मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीतून येतं. पण या वेळी तिने मिलिंदचं वाक्य जसंच्या तसं मराठीत सांगितलं, त्याच्याच हेलात. “ते म्हणाले, तुझा बाप मॅच बघायचं सोडून मलाच बघत बसेल. मंडळाला सांगेल. मग डबे येतील, काढे येतील, सगळे हळू आवाजात बोलतील. मला शनिवारी कोणीतरी मोठ्याने बोलणारा पाहिजे.”

लोक म्हणतात, बघ, किती प्रेम होतं त्याचं तुझ्यावर. असेल. मला ते पटत नाही. मी गप्प बसलो नसतो, हे त्याने परस्पर ठरवून टाकलं. मला एकदा संधी तरी द्यायची. हेमीला सांगता येतं, सोळा वर्षांच्या पोरांना सांगता येतं, माझ्या मुलीला सांगता येतं, आणि ज्याच्याशी इतकी वर्षं मराठीत भांडलास, हसलास, त्याला नाही? त्याने मला निरोप घेऊ दिला नाही. हे मी माफ केलेलं नाही, आणि तो गेला म्हणून करावं असंही मला वाटत नाही.

गेल्या शनिवारी नवा सीझन सुरू झाला. जाणार नव्हतो, पण इरा निघाली म्हणून गेलो. नेहमीच्या कोपऱ्यात उभा राहिलो. हेमी आला, “किया ओरा” म्हणाला, आणि मग त्याने माझ्याकडे बघत विचारलं, “हाउ आर यू, रिअली?” काय झालं कुणास ठाऊक, मी बोलायला लागलो. मला झोप लागत नाही. ऑफिसच्या टॉयलेटमध्ये जाऊन रडतो. मेलेल्या माणसाचा इतका राग येतो की माझी मलाच भीती वाटते. सगळं इंग्रजीत. एकही शब्द अडला नाही. हेमीने ना धीर दिला, ना उपाय सांगितला. “येप,” म्हणत तो शेजारी उभा राहिला, आणि मी टचलाइनवर, पोरांच्या देखत, ढसाढसा रडलो.

घरी आलो तर मेधाने जेवायला वाढलं होतं. “जिंकले का?” तिने विचारलं. मी म्हटलं, जिंकले. तिने माझ्या चेहऱ्याकडे जरा निरखून पाहिलं. “आणि तू रे? बरा आहेस ना?”

“मला काय धाड भरलीय?” मी म्हणालो.

समोर इरा बसली होती. तिने मैदानावर सगळं पाहिलं होतं. तिने माझ्याकडे एकदा बघितलं, पोळीचा तुकडा मोडला आणि जेवायला लागली.