डूख धरणारी मांजरी

मी एकदा एका मांजरीला पिशवीत कोंबून, तिचं तिकीट न काढता, एस.टी.नं भूगावला नेऊन सोडलं होतं. सोडलं याची लाज वाटतेच. पण त्याहून जास्त लाज वाटते ती याची, की तिचा स्वभाव मला पुरता कळलाय अशा खात्रीनं मी तिला सोडलं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. लवळ्याला तेव्हा कॉलेजं नव्हती, हॉस्टेलं नव्हती. भात होतं, दगड होते आणि मी होते. पुण्याच्या पेठेतून लग्न होऊन आलेली, मॅट्रिक पास, आणि जणू तो निकाल कालच लागलाय अशा थाटात वावरणारी. माझ्या ट्रंकेत माणसाचा स्वभाव कसा ओळखावा असलं एक पुस्तक होतं. त्यातली निम्मी पानं मी वाचली होती आणि तेवढ्या भांडवलावर सगळ्या घराला ओळखून बसले होते. नवरा भोळा, सासू करारी. माणसं दोनच, ती लगेच संपली. मग मी मांजरीकडे वळले.

करड्या पट्ट्यांची होती, एक कान फाटका. तिच्यावर सासूबाईंचा जीव नव्हता, भरवसा होता. आतल्या खोलीत शेणानं लिंपलेली बांबूची कणगी होती आणि तिच्यात आंबेमोहोराचं बियाणं, वर्षानुवर्षं घरचं राखलेलं. रोहिणी नक्षत्र लागलं की ते पेरायचं आणि तोवर उंदरांपासून राखायचं. ते काम मांजरीचं. घरातला प्रत्येक जण काही ना काही काम करायचा. मी मात्र मांजरीचा अभ्यास करायचे.

चक्क वही घातली होती! मांजरी माझ्याकडे एकटक बघायची आणि मग सावकाश डोळे मिटायची. मी लिहिलं : तुच्छता. माझ्याजवळ येऊन पाठ करून बसायची. लिहिलं : उर्मट. मी बसले की मांडीवर चढून दोन्ही पंजांनी कणीक तिंबल्यासारखी मला तिंबायची. त्यापुढे मी 'हिंसक' लिहून खाली दोन रेघा ओढल्या. आता सूसच्या सोसायटीत राहणारी माझी नात तिच्या मांजरानं असं तिंबलं की त्याचा फोटो काढून साऱ्या जगाला दाखवते. मी मात्र ओरडून उठायचे आणि लुगड्याला भोकं पडली का ते बघायचे.

मग उंदीर सुरू झाले. मेलेले. पहिला माझ्या चपलेत. दुसरा माझ्या उशीवर. तिसरा थेट ताटाजवळ, मी नाचणीची भाकरी अर्धी टाकून उठत होते तेव्हा. मला ती भाकरी घशाखाली उतरायची नाही आणि ती उतरत नाही याचाही मला अभिमान होता. सासूबाईंच्या चपलेत उंदीर नाही, नवऱ्याच्या उशीवर नाही. फक्त मलाच! मी वहीत शेवटचा शब्द लिहिला : डूख.

नवऱ्याला सांगितलं, "ती मला धमक्या देतीय."

"कोन, आई?"

"मांजरी!"

"बरं," म्हणाला आणि बैल सोडायला गेला.

मग मीच बेत केला. माहेरी जाऊन येते म्हणाले, कापडी पिशवीत मांजरी घातली, वर टॉवेल कोंबला, फाट्यापर्यंत चालत गेले आणि पुण्याची एस.टी. धरली. बस सुटेपर्यंत मांजरी गप्प होती. सुटल्यावर तिनं असा काही सूर लावला की पुढच्या बाकावरचे आजोबा टोपी सावरत मागं वळले. मी खोकले. ती ओरडली. मी आणखी जोरात खोकले.

कंडक्टर आला. "बाई, किती तिकिटं?"

"एक."

"आन पिशवीतल्या बाईचं?"

सगळी बस हसली. भूगावला मी तोंड लपवत उतरले आणि तळ्याच्या काठी पिशवी उघडली. इथं मासे खाऊन सुखी राहील, अशी माझी मीच समजूत घातली. ती बाहेर आली, माझ्याकडे बघितलं आणि सावकाश डोळे मिटले. अजून गुर्मी जात नाही, असं मनात म्हणत मी माहेरची पुढची बस धरली.

संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, "मांजर दिसंना कुटं."

"सकाळपासूनच नाही दिसली, आत्याबाई."

त्यांची नजर माझ्या पिशवीवर होती. तिला करडे केस चिकटले होते, पण मला वाटलं, आईनं काय खाऊ दिलाय ते बघतायत.

"आस्सं," त्या म्हणाल्या. "ती बी गेली आसंल म्हायेराला."

चौथ्या दिवशी कणगीच्या बुडाला भोक दिसलं. सासूबाईंनी कोपरापर्यंत हात घातला, मूठभर फोलपटं काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

"रोहिणीला लई दिस न्हाई ऱ्हायलं. हे बी संपलं तर आमच्या खाचरातला आंबेमोहोर संपला. दुसऱ्याच्या दारातलं आणशील, पर ते ह्ये न्हवं." मग काठी माझ्या हातात दिली. "आजपास्नं तुझं अंथरूण हितं."

म्हणजे मांजरीच्या जागेवर माझी नेमणूक झाली. मॅट्रिक पास मांजर! पहिला उंदीर आला तेव्हा मी काठी टाकून पाटावर चढले. दुसऱ्यावर चप्पल फेकली, ती देव्हाऱ्यात पडली. नवऱ्यानं शेणात काचा कालवून भोक बुजवलं की उंदीर शेजारी दुसरं पाडायचे. रोज सकाळी सासूबाई कणगीवर बोटं वाजवून बघायच्या आणि तो आवाज दिवसेंदिवस पोकळ होत गेला.

अकराव्या दिवशी सकाळी मी कणगीला टेकून डुलक्या काढत होते. सासूबाई दुधाची वाटी हातात घेऊन दारातच थबकल्या, म्हणून मी बघितलं. उंबऱ्यावर मांजरी उभी होती. बरगड्या मोजाव्यात अशी, शेपटीत कुसळं, एक पाय उचललेला. भूगावपासून डोंगर तुडवत आली होती. सासूबाईंनी वाटी खाली ठेवली, तिनं ढुंकून पाहिलं नाही. लंगडत कणगीमागं गेली. चीं असा एकच आवाज आला. (उरलेलं बियाणं वाचलं, ते त्या आवाजानंतर. एका खाचरापुरतं कमी पडलं, बाकीची पेरली.)

बाहेर आली ती तोंडात भला मोठा उंदीर घेऊन. मला वाटलं, अकरा दिवसांची उपाशी आहे, आता खाईल. तिनं तो माझ्या पायावर आणून ठेवला, मागं सरकून बसली, माझ्याकडे बघितलं आणि सावकाश डोळे मिटले.

मी किंचाळले. "आत्याबाई, मीच तिला भूगावला सोडून आले होते हो! बघा ना, अजून डूख धरून आहे माझ्यावर!"

सासूबाई आधी मांजरीकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे. आणि म्हणाल्या,

"अगं शिकलेले, डूख कसला? आल्यापास्नं तू येक उंदीर मारला न्हाईस, भाकर बी अर्धी टाकून उठतीस. तिला वाटतंय, ह्ये पिल्लू उपाशी मरंल. आता उचल त्यो उंदीर, आन तिच्याम्होरं तोंड तरी हलीव."