वजनावर घेतलेला सॅक्सोफोन

मी माझा पहिला सॅक्सोफोन वजनावर घेतला. दुकानात तीन होते. त्यांतला सगळ्यात जड उचलून घरी आणला. तेव्हा माझं वय त्रेपन्न होतं, त्यामुळे अजाण होतो असंही म्हणता येत नाही.

सोबत अक्काला नेलं होतं, ही दुसरी चूक. अक्का माझी थोरली बहीण, असोद्याला दिलेली. आमच्या नात्यात कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं की पितळी भांडी घ्यायला अक्काच लागते. हंडा ती एका हातावर तोलते, बोटाच्या पेराने वाजवते, बूड उलटं करून बघते आणि ‘घ्या’ किंवा ‘ठेवा’ एवढंच म्हणते. तिने निवडलेली घागर आजवर चेपलेली नाही. सॅक्सोफोन पितळेचा असतो हे मी मोबाइलवर वाचलं होतं. मग पितळेतलं अक्काइतकं कळणारं माणूस मला जळगावात दुसरं कुठे मिळणार?

दुकानदाराने तिन्ही काउंटरवर मांडले. दोन नवेकोरे, झगझगीत. तिसरा जुना, रंग उडालेला, कुणीतरी खूप वापरलेला. अक्काने पदर खोचला आणि एकेक उचलायला लागली.

“हा हलका हाये,” तिने पहिला ठेवला. “हा कळकट. कोनाच्या तोंडचा असीन काय माहीत.” जुना बाजूला सरकवला. मग उरलेला नवा दोन्ही हातांनी उचलला, पेराने टणकन वाजवला आणि माझ्याकडे पाहिलं. “हा घे. भरीव हाये. लेकरायच्या लेकरायले पुरीन.”

“काकू, हे वाजवायचं असतं,” दुकानदार म्हणाला.

“मंग? वाजलं नाही का आता?”

दुकानदाराने मला विचारलं, “साहेब, फुंकून बघता का?” मी नको म्हणालो. मला फुंकता येतच नव्हतं, आणि येत नाही हे त्याला दाखवायची लाज वाटत होती. नवशिक्याची सगळी गंमत इथेच असते. ज्याला वाद्य पारखता येतं त्याच्याकडे वाद्य असतंच, आणि ज्याला घ्यायचंय त्याला त्यातलं ओ की ठो कळत नसतं. रक्कम सांगत नाही. हे बायकोही वाचते.

मुळात हे खूळ आलं नशिराबादच्या एका लग्नातून. वरात हायवेच्या कडेला आली आणि डीजेच्या जनरेटरने मान टाकली. पुढे बँड होता, पण तो नुसता शोभेला. डीजेपुढे तो कुणाला ऐकूच येत नव्हता. जनरेटर बंद पडला आणि तो एकदम ऐकू यायला लागला. घामाने कॉलर काळी झालेल्या कोटातला एक सॅक्सोफोनवाला डोळे मिटून, कुणासाठी नाही असं, हळू काहीतरी वाजवत होता. मागे ट्रक हॉर्न मारत होते. मी आहेराची पिशवी धरून तिथेच उभा राहिलो. पाय दुखत होते, दिवसभर कचेरीत कागदांच्या नकला देण्याच्या खिडकीवर बसून डोकं जड झालं होतं. पण त्या पाच-सात मिनिटांत मला थकल्यासारखं वाटलं नाही. बस, एवढंच कारण. तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या कागदांवर शिक्के मारतोय. एखादी गोष्ट तरी स्वतःच्या छातीतून यावी, असं वाटलं.

आली, पण ती गोष्ट म्हणायच्या लायकीची नव्हती.

संध्याकाळी सहाला घरी यायचं, चहा घ्यायचा आणि मोबाइलवर एक गोरा माणूस दाखवतो तसं गॅलरीत बसून फुंकायचं, असा नेम ठेवला. वरचे दोन-तीन सूर कसेबसे यायचे. खालचे येतच नसत. खालच्या सुरासाठी सगळ्या चाव्या दाबल्या की आतून फुसफुस, मग गुरगुर, मग एकदम एक किंकाळी. दुसऱ्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरचे शेजारी घाईघाईने वर आले. “अहो, तुमची बोअरची मोटर कोरडी ओढतेय. बंद करा, जळेल!” मी सॅक्सोफोन दाखवला. त्यांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाले, “मोटर असती तर मेकॅनिक तरी आला असता.”

सहा महिने गेले. खालचा सूर आला नाही. मी जोर वाढवला. गाल फुगायचे, कानात दडे बसायचे, उठलो की भिंत धरावी लागायची. हळूहळू माझ्या मनाने घेतलं की वाद्य भरीव आहे, म्हणजे पोकळ मीच असणार. श्वास संपलाय. दोन जिने चढून आलो तरी छातीवर हात ठेवायला लागलो. शेवटी एक दिवस कचेरीतून अर्धी रजा घेऊन छातीचा एक्स-रे काढून आलो.

डॉक्टरांनी तो उजेडासमोर धरला. “स्वच्छ आहे. तुमच्या वयाला उत्तम. काय होतंय?”

“खालचा सूर लागत नाही.”

डॉक्टरांनी फिल्म खाली ठेवली. “कोणता सूर?”

मी सगळं सांगितलं. त्यांनी फिल्म पाकिटात घातली. मग म्हणाले, “चालत जा रोज. तेवढं पुरे.”

एक्स-रे स्वच्छ आला याचा आनंद व्हायला हवा होता, पण मी आणखीच खचलो. आजार असता तर निदान दोष द्यायला काहीतरी मिळालं असतं. फुप्फुस ठीक, वाद्य जड आणि नवं. म्हणजे जे बिघडलेलं आहे ते मीच. यापूर्वीही मी बरंच काही सुरू करून सोडलंय. इंग्रजी बोलायचा क्लास, योगासनं, गच्चीवरची मिरची. प्रत्येक वेळी मला वेळ नाही, असं म्हणत आलो. या वेळी वेळ काढला होता आणि सहा महिने दिले होते. मी ठरवलं, एकदा कुणा जाणत्याला दाखवायचं. तो म्हणाला की दोष माझ्यात आहे, तर हे माळ्यावर टाकायचं आणि पुन्हा कशाच्या वाटेला जायचं नाही. त्या निर्णयाचीही मला थोडी ओढ लागली होती, खोटं कशाला बोलू. सोडून देण्यातही एक विश्रांती असते.

धुळ्याला माझा मेहुणा राहतो. त्याच्या गल्लीत एक नाना आहेत, उभं आयुष्य बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवलेले, बोलणं अहिराणी. एका रविवारी मी सॅक्सोफोनची पेटी मांडीवर घेऊन एसटीत बसलो. कंडक्टरने विचारलं, “शिलाई मशीन का?” मी हो म्हणालो. खरं सांगायची ताकद नव्हती.

नाना उकाड्यात बनियनवर ओट्यावर बसले होते. मी पेटी उघडली. त्यांनी वाद्य उचललं, लगेच खाली ठेवलं. “लई जड शे हाई. मान धरी ली नही तुमनी?”

“जड चांगलं ना, नाना?”

“लगनना हंडा शे का हाऊ?”



त्यांनी दार लोटून खोलीत अंधार केला. एका लांब वायरीला बांधलेला बोटाएवढा बल्ब आणला आणि वाद्याच्या तोंडातून आत सोडला. मग सगळ्या चाव्या दाबून धरल्या आणि मला म्हणाले, “देखा.”

प्रत्येक चावीखाली चामड्याची एक गोल गादी असते, पॅड म्हणतात तिला. ती भोकावर घट्ट बसायला हवी, नाहीतर सगळी हवा तिथूनच निघून जाते. माझ्या वाद्यात एकही बसत नव्हती. प्रत्येक गादीच्या कडेने उजेडाची एकेक कोर दिसत होती. वरपासून खालपर्यंत, रांगेने. मला तर आमच्या कॉलनीतली दिवाळीच आठवली.

“बठ्ठी हवा आठेनच निंघी जाई ऱ्हायनी,” नाना म्हणाले. “खालना सूर काय येई? मी फुकसू तरी येवाव नही.” त्यांनी फुंकून दाखवलं. चाळीस वर्षं वाजवलेल्या माणसाच्या तोंडूनही तीच फुसफुस, तीच गुरगुर. मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. नानांना वाटलं मी नुकसानीमुळे रडतोय. ते म्हणाले, “असू द्या भाऊ, व्हस असं.”

नुकसान कसलं? मी सुटलो होतो! परतताना एसटीत मला बसायला जागा मिळाली नाही, तरी पारोळ्यापर्यंत उभा राहून मनात हसत होतो. घरी आल्या आल्या बायकोला सांगितलं, “माझ्यात काही दोष नाही.” ती म्हणाली, “कशाबद्दल बोलताय?” मग शेजाऱ्यांना सांगितलं. मग कचेरीत. खिडकीवर नक्कल घ्यायला आलेल्या दोघांनाही सांगितलं. अक्काला मात्र सांगितलं नाही.

आता चांगलं वाद्य घ्यायचं होतं, आणि या वेळी नानांनी स्वतः निवडून द्यायचं कबूल केलं. भडगावला त्यांच्या ओळखीचे एक वादक होते. त्यांचे पुढचे दात काढावे लागले होते, कवळी बसवली होती, आणि कवळीवर माउथपीस धरता येत नाही. त्यांचा आल्टो सॅक्सोफोन कपाटात पडून होता.

पाहून मी हिरमुसलो. दुकानात अक्काने बाजूला सरकवला होता, तसाच तो दिसत होता. चकाकी गेलेली, अंगठ्याच्या जागी पितळ उघडं पडलेलं. नानांनी चकाकीकडे बघितलंही नाही. एक तास ते त्या वाद्याशी बसले. गळ्याची वाकलेली नळी डोळ्यासमोर धरून तिला कुठे वाक आलाय का ते पाहिलं. नळीच्या जोडावरून नख फिरवलं. एकेक चावी न फुंकता नुसती मिटली आणि कान लावला. टप्प असा भरलेला आवाज आला की पुढची. सिगारेटच्या पातळ कागदाची पट्टी प्रत्येक गादीखाली घालून ओढली. ती अडकत होती तिथे मान हलवली, आणि दोन ठिकाणी जरा सैल निघाली तिथे मालकाकडे बघितलं. मालक ओशाळून म्हणाले, “त्या दोन मीच बदलणार होतो. मग दात गेले.”

शेवटी नानांनी सगळ्यात खालचा सूर वाजवला. जोरात नाही, अगदी हळू. “जोरमा कोनतं बी येस,” ते मला म्हणाले. “हयू वाजाडीसन उना, तर खरा.”

आणि मग त्यांनी तो माझ्या गळ्यात अडकवला. मी म्हणालो, “नाना, तुम्ही पाहिलंत ना, बास.” ते म्हणाले, “मना घर नही जानं शे हाई.” मालक दारात उभे होते. त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या होता, तो खाली ठेवायचंही ते विसरले होते. मी चाव्या दाबल्या, डोळे मिटले, फुंकलं. आणि तो आला. खालचा सूर, जाड, थोडा थरथरणारा, पण आला. मी श्वास संपेपर्यंत धरून ठेवला. डोळे उघडले तेव्हा मालक भिंतीकडे तोंड करून उभे होते.

त्या दोन गाद्या नानांनी बदलून दिल्या. मी वाद्य जळगावला आणलं.

इथेच गोष्ट थांबवली असती तर बरं झालं असतं. पण पुढचे चार महिने मी रोज वाजवत होतो, आणि एक नवीच अडचण उभी राहिली. आता सगळे सूर येत होते. पूर्वी मी काय वाजवायचा प्रयत्न करतोय हे कुणालाच कळत नसे. आता प्रत्येकाला कळत होतं, आणि ते कुठे चुकतंय हेही कळत होतं. बायको स्वयंपाकघरातून म्हणायची, “तिथे वर जायचं असतं.” शेजारी जिन्यात भेटले की म्हणायचे, “काल तिसऱ्या ओळीला पुन्हा घसरलात.” ताल माझ्या पायात नाही, हे मला त्रेपन्न वर्षं कुणी सांगितलं नव्हतं, कारण तशी वेळ आली नव्हती. कचेरीतून दमून यायचो, वाद्य गळ्यात घालायचो आणि दहा मिनिटांत आणखी दमायचो. पण माळ्यावर टाकायचं काही मनात येईना. आता तरी दोष कुठे आहे हे कळायला मला नानांनी ऐकायला हवं होतं.

ते एका लग्नाच्या निमित्ताने जळगावला आले, दुपारी आमच्याकडे जेवले. पानात भरीत-भाकरी होती. त्यांनी दोनदा मागून घेतलं. त्यामुळे माझा धीर वाढला. मी वाद्य काढलं. चार महिने घोटलेलं एक साधं भजन सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवलं. तिसऱ्या ओळीला घसरलो, सावरलो, पाचव्या ओळीला पुन्हा घसरलो. पण संपवलं. आयुष्यात सुरू केलेली एखादी गोष्ट शेवटपर्यंत नेल्याचं माझ्या आठवणीत तरी दुसरं उदाहरण नाही.

नाना सुपारी चघळत होते. त्यांनी वाद्य माझ्याकडून घेतलं, दोन-तीन चाव्या मिटून कान लावला, गाद्या तपासल्या, गळ्याची नळी बघितली. एखादी गादी पुन्हा सुटली असेल, अशी शेवटची आशा मला होती.

त्यांनी वाद्य अलगद पेटीत ठेवलं, झाकण लावलं आणि म्हणाले, “वाद्य झकास शे, भाऊ. आते वाजाडनारा तेवढा बदली टाका.”