पदरातली मूठभर डाळ
तुरीच्या डाळीला उकळी आली, की त्या वासानं खोली शोधायचे दिवस आठवतात. दुष्काळात ऊसच नव्हता, कारखान्यातलं काम गेलं, अन् आम्ही नेकनूर सोडून पुण्याला आलो. सातवीत शाळा सोडलेल्या मला शहराची धास्तीच होती. जिथं काम मिळालं त्या कंपनीलगतची पहिलीच खोली मी पसंत केली. बायकोनं मात्र पदराची गाठ सोडून घरमालकिणीपुढं मूठभर डाळ धरली. “मावशी, एवढी शिजवून बघू?” मी लाजलो. “लोक शाळा बघतात, तू डाळ काय बघतीस?” “बोअरच्या जड पाण्यात डाळ शिजत न्हाई. लेकरू आधीच पोटानं हैराण हाय.” तासभर उकळूनही डाळ टणकच राहिली. लांबच्या वस्तीत मात्र ती मऊ शिजली, अन् तिथल्या मावशीनं त्यातच हळद-मीठ घालून आम्हाला जेवू घातलं. आम्ही तिथंच खोली घेतली, अन् लेकराचं पोट सावरलं. आता गावाकडून कुणी खोली शोधायला आलं, की पत्त्याबरोबर मी मूठभर डाळही बांधून देतो.