काकींचे हात

मिरच्या भाजल्याचा ठसका लागला की मला पाम गावातलं शेजारच्या काकींचं अंगण आठवतं. नवऱ्याच्या बोईसरच्या नोकरीमुळे आम्ही त्यांच्या शेजारी खोली घेतली होती, आणि मी इन्स्टावर घरगुती मसाला विकायला नुकती सुरुवात केली होती. मसाला काकी करायच्या, मी फक्त पाकिटं भरायचे. एकदा म्हटलं, तुमचा कुटतानाचा व्हिडिओ काढते, तर त्या ठेवणीतली हिरवी साडी नेसून, अंबाड्यात अबोली माळून उखळापाशी आल्या. मी त्यांचा चेहरा कापून टाकला, मुसळ धरलेले हात तेवढे ठेवले आणि खाली लिहिलं, 'माझ्या हातचा मसाला'. दोन दिवसांनी त्यांच्या सुनेनं तो व्हिडिओ माझ्यासमोरच त्यांना दाखवला. मी मान खाली घालून उभी होते. काकींनी तो दोनदा पाहिला आणि म्हणाल्या, "तोंड नाय घेतलंस ते बरं केलंस. मी कुठं बरी दिसते." तेव्हाही मी खरं बोलले नाही. फोनमध्ये जागा हवी म्हणून मूळ व्हिडिओ पुसूनही टाकला. यंदा काकी गेल्या. तेराव्यानंतर सून माझ्याकडे आली. "ताई, हिरव्या साडीतला फोटो हाय ना तुमच्याकडं? हार घालायला आमच्याकडं एक पण नाय." मी बराच वेळ फोन चाळत राहिले. त्यात तिच्या सासूचे फक्त हात होते, आणि खाली कुणीतरी मला लिहिलं होतं, ताई, तुमच्या हाताला चव आहे.